कास्तेलरोस्सो नावाची दोन गावं

मी पर्थमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो. आठवड्यातले तीन दिवस पुस्तकांच्या देवघेवीवर, दोन दिवस घराण्याचा इतिहास शोधायला येणाऱ्यांच्या टेबलावर. दुसऱ्या टेबलाचा पगार तेवढाच, पण तिथं चहा हमखास थंड होतो.

येणारे बरेचसे इटालियन नाहीतर ग्रीक घरांतले. शेजारच्या फ्रीमँटल बंदरातली मासेमारी ज्यांनी वाढवली, त्यांतली कितीतरी कुटुंबं मोल्फेत्ता आणि कापो दोर्लांदो या दोन गावांतून आलेली. मोल्फेत्तावाले आले की मी खूश असतो. ते गाव जुन्या नेपल्सच्या राज्यातलं, तिथं जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८०९ पासून आहे. इटलीभर एकच नोंदणी लागू व्हायला १८६६ उजाडलं. वह्यांची पानं आता इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘अंतेनाती’ या पोर्टलवर घरबसल्या बघता येतात. अक्षर किरटं असतं, पण वाचायची एकदा सवय झाली की गंमत वाटते. बापाच्या नावाआधी ‘दी’ असेल तर बाप हयात, ‘फु’ असेल तर वारलेला. आपल्या लग्नपत्रिकेतलं ‘कै.’च ते! या दोन अक्षरांवरून मी कितीतरी मृत्यूंची साल दहा वर्षांच्या पट्ट्यात आणून ठेवली आहेत.

सांगायचं कारण, इटालियन कागद मला वाचता येतात असा मला थोडा ताठा होता.

सव्वा वर्षापूर्वी सत्तरीचे एक गृहस्थ आले. हातात आजोबांच्या परकीय नागरिक नोंदणीच्या अर्जाची प्रत, १९३९ ची. राष्ट्रीयत्व इटालियन. जन्मगाव कास्तेलरोस्सो. जन्म ८ नोव्हेंबर १९०२. मी नकाशा उघडला आणि दोन मिनिटांत गाव काढून दिलं. तुरीनजवळ किवास्सो म्हणून नगर आहे, त्याची एक वाडी कास्तेलरोस्सो. म्हटलं, किवास्सोच्या नगरपालिकेला पत्र लिहा, तिथल्या नोंदणी कार्यालयात मिळेल. त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, सापडत नाही. पुन्हा लिहिलं, मागची-पुढची साल बघा म्हणून. पुन्हा नाही. तिसऱ्या पत्राचा मजकूर तर मीच बसून नीट करून दिला होता.

त्या मंगळवारी ते बहिणीला घेऊन आले. दोघं दारातूनच भांडत आले. बहिणीच्या काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

‘‘आमचे आजोबा ग्रीक होते,’’ बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. ‘‘घरात ग्रीक बोलायचे, ग्रीक चर्चमध्ये जायचे, कबर ग्रीक भागात आहे. याला एक कागद सापडला आणि हा इटालियन झाला.’’

‘‘लपवलं त्यांनी,’’ भाऊ म्हणाले. ‘‘१० जून १९४० ला इटली युद्धात उतरली. इथल्या इटालियनांना धरधरून छावण्यांत टाकलं. कोण सांगेल मी इटालियन म्हणून?’’

तर्क वाईट नव्हता. मी मनातल्या मनात भावाच्याच बाजूचा होतो. त्यात माझी तीन पत्रं अडकली होती ना!

बहिणीनं डब्यातून पहिला कागद काढला. आजोबांच्या थोरल्या भावाचा, १९१६ सालचा. पहिल्या महायुद्धातही ऑस्ट्रेलियानं परकीयांची अशीच नोंदणी केली होती. राष्ट्रीयत्व : तुर्की.

‘‘घ्या,’’ भाऊ हसले. ‘‘आता आपण तुर्कही झालो.’’

मला हसू आलं नाही. एका आईचे दोन मुलगे, एक तुर्क आणि एक इटालियन, आणि घरात दोघंही ग्रीक बोलणारे. असं होईल तरी कुठं? मी विचारलं, आजोबांचा पासपोर्ट आहे का? तो डब्याच्या तळाशी होता. भावानं तो कधी पाहिलाच नव्हता, कारण मधली काही वर्षं भावंडांचं बोलणं बंद होतं. पासपोर्टवर शिक्का : ‘इझोले इतालियाने देल्लेजेओ’. एजियन समुद्रातली इटालियन बेटं.

तेव्हा मला घाम फुटला. कास्तेलरोस्सो म्हणजे कास्तेलोरिझो. पर्थमध्ये राहून, ग्रीक लोकांच्या टेबलावर बसून हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. या शहरातली जुनी ग्रीक घरं कुठली असं विचारलं तर कुणीही याच बेटाचं नाव घेईल.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवरचं हे इवलंसं बेट. ग्रीक त्याला मेगिस्ती म्हणतात, तुर्क मेईस. थोरला भाऊ निघाला तेव्हा तिथं ऑटोमन सुलतानाचा अंमल होता. १९१५ ते १९२१ फ्रेंच होते. मग इटालियन आले, त्यांनी नावाचं कास्तेलरोस्सो केलं आणि लोकांना दुय्यम दर्जाचं नागरिकत्व दिलं. धाकटा त्या काळात निघाला. बेट ग्रीसला मिळालं १९४७ च्या करारानं. म्हणजे पहिल्या युद्धात थोरला कागदोपत्री शत्रू, दुसऱ्यात धाकटा. आणि दोघं राहायला एकाच गल्लीत!

मी नाशिकचा. आमच्याकडे तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पणजोबांनी कधी येऊन काय लिहिलं ते वाचून दाखवतात. त्या काळी राज्य कुणाचं होतं, हे कुणी विचारत नाही. इथं तोच पहिला प्रश्न निघाला.

तारखेचं भांडण अजून बाकी होतं. डब्यातल्या प्रार्थनापुस्तकात कुणीतरी ग्रीक अक्षरांत जन्म लिहिला होता : २६ ऑक्टोबर १९०२. बहीण म्हणे हीच खरी, भाऊ म्हणे सरकारी कागदावरची ८ नोव्हेंबर खरी. मी बोटांवर मोजलं. तेरा दिवस. ऑर्थोडॉक्स चर्च तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळायचं. ग्रीस सरकारनंही नवं स्वीकारलं ते १९२३ मध्ये. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या. माझ्या आजीचा वाढदिवस तिथीनं एका दिवशी आणि तारखेनं दुसऱ्या दिवशी यायचा, ते सांगितलं तर दोघांना ते चटकन पटलं. शिवाय २६ ऑक्टोबर हा संत दिमित्रिओसचा सण, म्हणून मुलाचं नाव दिमित्रिओस. इटालियन कारकुनानं त्याचं देमेत्रिओ केलं. ऑस्ट्रेलियात तो जिम झाला, जसे इथले बहुतेक दिमित्रिओस होतात. पासपोर्टवर नावापुढं ‘फु मिकेले’ होतं. म्हणजे मुलगा बोटीत बसला तेव्हा वडील हयात नव्हते. बहिणीला हे माहीत नव्हतं. त्या बराच वेळ ती दोन अक्षरं बघत राहिल्या.

पुढं शोधायचं कुठं, हे सांगणं जड गेलं. ग्रीसमध्ये पुरुषांची जन्मसालवार नोंदवही असते, सैन्यभरतीसाठी ठेवलेली. एरवी मी पहिलं तेच सुचवतो. पण हा जन्मला तेव्हा बेट ग्रीसमध्ये नव्हतंच. १९४३ मध्ये बेटावरचे लोक सायप्रसला आणि तिथून गाझाला हलवले गेले. १९४४ च्या जुलैत आगीत घरंच्या घरं जळाली. भावाला नातवासाठी इटालियन पासपोर्टचीही आशा होती. वकिलाला विचारा म्हटलं, पण माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

जाताना ते थांबले. ‘‘त्या किवास्सोच्या माणसाचं काय?’’

ती जबाबदारी माझीच होती. आम्ही तिघांनी बसून चौथं पत्र लिहिलं. चूक आमची, बेट दुसरं, तसदीबद्दल क्षमा असावी. चार दिवसांत उत्तर आलं. बरं झालं कळवलंत, असं लिहिलं होतं, मी हळूहळू १९१० पर्यंत पोचलो होतो.