मागे गाणारे तिघे

'फाइव्ह सॅटिन्स' या अमेरिकन गायकांच्या ग्रुपचं 'इन द स्टिल ऑफ द नाइट' हे गाणं लागलं की माझा कान आधी मागे जातो. पुढे फ्रेड पॅरिस जीव ओतून गात असतो आणि मागे तिघे जण 'शू डू, शूबी डू' एवढंच घोळवत राहतात. मी आमच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं मागे बसून ध्रुपद धरते, त्यामुळे असेल, पण मला तेच तिघे जवळचे वाटतात. बुवांनी कितीही सुंदर जागा घेतल्या तरी मागचं ध्रुपद ढिलं पडलं की भजन पडलंच.

नावात पाच असले तरी या रेकॉर्डवर गाणारे चौघेच आहेत: पॅरिस, अल डेन्बी, एड मार्टिन आणि जिम फ्रीमन. सगळे अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनचे. ते गात ते डू-वॉप: एक जण पुढे गातो, बाकीचे मागे निरर्थक बोलांनी साथ धरतात. हे मुळात शहरांतल्या कृष्णवर्णीय पोरांचं गाणं. वाद्यं घ्यायला पैसे नसायचे, मग गल्लीच्या कोपऱ्यावर नाहीतर जिन्याखाली, जिथे आवाज घुमेल तिथे उभं राहून वाद्यांचं कामही गळ्यानंच करायचं.

पॅरिस तेव्हा लष्करात होता. फिलाडेल्फियाला रात्रपाळीच्या पहाऱ्यावर असताना, आवडत्या मुलीच्या आठवणीत त्यानं हे गाणं रचलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते रेकॉर्ड झालं, तेही स्टुडिओत नाही, तर न्यू हेवनच्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात. सॅक्सोफोन वाजवणारा विनी मॅझेटा त्याच चर्चचा, म्हणून जागा मिळाली. त्या तळघराचा घुमारा रेकॉर्डमध्ये स्वच्छ ऐकू येतो. पियानो एकाच ठेक्यात तीन-तीन सूर मोजत राहतो. मधे मॅझेटाचा सॅक्सोफोन येतो तेव्हा पॅरिस थांबतो, मागचे मात्र थांबत नाहीत. तिथे ते चक्क 'डू-वॉप, डू-वा' म्हणतात. आवाज थोडे खडबडीत आहेत, काठ पूर्ण जुळलेले नाहीत. मला ते तसेच हवेत. घासूनपुसून घेतलं असतं तर त्यातली रात्र गेली असती.

गंमत म्हणजे रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला दुसरंच गाणं होतं. हे मागच्या बाजूला. लोकांनी तबकडी उलटली. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियता यादीत ते तिसऱ्या आणि पॉपच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे १९६० आणि १९६१ मध्येही ते पुन्हा यादीत आलं.

मला सगळ्यात लागतं ते पुढचं. गाणं गाजत होतं तेव्हा पॅरिसची रवानगी जपानला झाली होती. कार्यक्रम तर करायचे होते, म्हणून त्याच्या जागी बिल बेकर हा गायक पुढे उभा राहिला, आणि १९५७ चं 'टू द आइल' त्याच्याच आवाजात गाजलं. ज्यानं पहाऱ्यावर उभं राहून गाणं रचलं, तो त्याचं कौतुक होताना समुद्रापलीकडे गणवेशात. परतल्यावर त्यानं ग्रुप नव्यानं बांधला आणि पुढे कित्येक वर्षं हेच गाणं गायला. २०२२ च्या जानेवारीत, वयाच्या ८५ व्या वर्षी तो गेला.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे गाणं 'बॉइझ टू मेन' या अमेरिकन ग्रुपनं १९९२ मध्ये वाद्यांशिवाय गायलेलं ठाऊक असेल. तेही गोड आहे. पण तळघरातलं एकदा हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्या फेरीत पॅरिसकडे लक्षच देऊ नका.