कव्हरच्या मागची बारीक अक्षरं

गाण्यात मोठं कोण, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व की मल्लिकार्जुन मन्सूर, हा वाद आमच्यात कधी संपला नाही आणि संपू पण नये. आमच्यात म्हणजे बेळगावच्या शहापुरात. मामांचं रेडिओ-टेप रिपेरीचं दुकान आहे, आता तिथं रिपेरीला मिक्सर आणि इमर्जन्सी लाईटच जास्त येतात ते सोडा, खरं रविवारी सकाळी मागच्या खोलीत आम्ही चार-पाच टाळकी जमतो, कुणी एलपी आणतं, कुणी कॅसेटींचा डबा, आणि पहिला आलाप संपायच्या आत कुणीतरी तोंड उघडतंच.

आमच्यातले सर कुमारांचे कट्टर. कारण काय, तर कुमार आपल्या गावचे. आता आहेतच म्हणा, कुमार म्हणजे मूळचे शिवपुत्र कोमकाळी, १९२४ साली सुळेभावीत जन्मले, म्हणजे बेळगावातून मिरजेच्या गाडीत बसलं की लगेच येणारं गाव, पण सरांचं बोलणं ऐकलं की वाटतं देवास (मध्य प्रदेशातलं, जिथं कुमार पुढं राहिले) हे सुळेभावीचंच एखादं उपनगर असावं. मामा भीमसेनवाले. अक्का (मामांची मोठी बहीण, वय विचारायचं नाही) गंगूबाई हनगलांशिवाय दुसरं कुणी गातं हेच मान्य करत नाही. आणि मी मन्सूरांच्या पार्टीतला. मन्सूर वाट बघायला लावत नाहीत, बसले की थेट रागात, खट म्हणा, बहादुरी तोडी म्हणा, जे राग दुसऱ्यांनी नुसते पुस्तकात बघितलेले ते हा माणूस शिळोप्याच्या गप्पा मारल्यासारखा गातो. यावर सरांचं ठरलेलं वाक्य, "होय की, खरं कुमारांची एक जागा आणि मन्सूरांचा अख्खा राग..." आणि मग चहा गार.

पण सांगू का, अलीकडं मी त्या वादात नुसता मान हलवतो. माझं लक्ष एलपीच्या कव्हरवर असतं, तेही मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, जिथं मुंगीएवढ्या अक्षरात तबला अमुक, हार्मोनियम तमुक असं लिहिलेलं असतं. चष्मा वर करून डोळ्याजवळ धरावं लागतं. मला आता ते वाचायचंच वेड लागलंय, कारण जितकं जुनं ऐकतोय तितकं लक्षात येतंय की ही नावं टिकतच नाहीत, दर वेळी गाण्यानं घर बदललं की सामान हलवताना आधी साथवाले गहाळ होतात.

सुरुवात ७८ च्या रेकॉर्डपासून, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. लाखेची तबकडी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. अगदी पहिल्या काळात गौहरजानसारख्या गायिका गाणं संपलं की इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसाला लेबलवर काय लिहायचं ते कळायला पाहिजे. गायिकेचं नाव असं राहिलं. मागं सारंगी धरून बसलेल्याला कोण म्हणणार की बाबा तू पण सांग.

लेबलावर तरी काय, गायिकेचं नाव पण कंपनीच्या मर्जीचं. अक्काची ही आवडती गोष्ट आहे. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी 'गांधारी हनगल' या नावानं आल्या, जी. एन. जोशींबरोबर गायलेली मराठी भावगीतं आहेत त्यात, आणि आवाज असा बारीक, कोवळा की गंगूबाई म्हणून सांगितलं तर पैज लागेल. पुढं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं आणि आवाज भरदार झाला, जो आपल्याला माहितीय तो. अक्काला तो नंतरचाच आवाज पाहिजे. आणि मी अक्काला दर वेळी म्हणतो की त्या आवाजाच्या मागं दुसरा आवाज येतोय तो ऐक, ती कृष्णा, लेक. आई खालच्या सुरात जाऊन बसते आणि लेक वरनं तीच ओळ उचलते, आणि आई परत यायला किती वेळ लावणार ते लेकीला बरोबर माहीत असतंय. तबल्याला कितीतरी वेळा भाऊ, शेषगिरी. म्हणजे निम्मं घरच मंचावर. अक्का म्हणते, "मी तर पोरीसाठीच ऐकतो." (आमच्याकडं बायका पण 'ऐकतो, जातो, करतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मन्सूरांच्या मागं मुलगा राजशेखर. कुमारांच्या मागं पत्नी वसुंधराबाई, आणि तबल्याला वसंतराव आचरेकर. आचरेकरांबद्दल मला वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. क्षयामुळं कुमारांचं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणंच बंद होतं, आणि परत गायला लागल्यावर दमसास मोजूनमापून, वाक्यं तोडून तोडून. आता अशा गाण्यात कुणी हौशी तबलजी बसवा आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत त्याला हात दाखवू द्या, झालं, गाणं संपलं. आचरेकर नुसता ठेका धरतात, स्वच्छ, कुठं पण पुढंपुढं नाही, आणि त्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहतात. सर ज्याला कुमारांची 'जागा' म्हणतात ना, त्यातला निम्मा वाटा माझ्या मते आचरेकरांचा आहे. हे मी सरांना बोललो होतो. सर त्यानंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मामांकडं भीमसेनांची सगळ्यात मोठी गादी. मामांना ती गोष्ट सांगायला फार आवडते, की गदगचं पोरगं एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही रेकॉर्ड ऐकून वेडं झालं आणि गुरू शोधायला घरातून पळालं. दुकानात वाजणारी, हे मामा दोनदा म्हणतात, कारण दुकानदार आहेत. खाँसाहेब आपल्या मिरजेचे, तिथंच दर्ग्यात त्यांची समाधी आहे, आणि शेवटी भीमसेनांना गुरू मिळाले ते पण खाँसाहेबांचेच शिष्य, कुंदगोळचे सवाई गंधर्व. म्हणजे मिरज, कुंदगोळ, गदग, सगळं एका रेल्वे तिकिटाच्या अंतरात.

मामांच्या डब्यात एक सी-६० आहे, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. सत्तर-ऐंशीच्या दशकात खडेबाजारात कोरी कॅसेट आणि यादी दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा, आठ दिवसांनी न्यायला यायचं, तसली ही कॅसेट. ए साईडला भीमसेनांची कन्नड दासवाणी, पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' वगैरे, बी साईडला मराठी अभंग. मामांच्या घरी शुक्रवारी ए साईड लागायची आणि एकादशीला बी साईड, भाषेचा प्रश्नच नाही, प्रश्न फक्त वाराचा. बी साईडच्या शेवटी 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' आहे, राम फाटकांची चाल, आणि ते शेवटच्या कडव्यात कट होतं कारण अर्धा तास संपतो. वरच्या कागदावर निळ्या बॉलपेननं 'भीमसेन मिक्स' एवढंच. आता या अभंगांत टाळ कोण वाजवायचं? माउली टाकळकर. मैफलींत कितीतरी वर्षं भीमसेनांच्या बाजूला बसून त्यांनी टाळ धरला, त्या टाळाशिवाय तो गजर डोक्यात येतच नाही, हार्मोनियमला कधी वालावलकर कधी अप्पा जळगावकर, तबल्याला नाना मुळे. 'मिक्स' या शब्दात ही सगळी माणसं बुडाली. तेच एलपीचं कव्हर असतं तर निदान कोपऱ्यात सापडली असती.

मामांचं म्हणणं, "अरे गाणं ऐकायचं का हजेरी घ्यायची?" असू दे की. मी हजेरी घेणारा.

आता बेळगावकरांनी तरी ही हजेरी घ्यायलाच पाहिजे, कारण आपल्या गावाचा सगळ्यात मोठा वाजवणारा हा साथवालाच होता. पंडित रामभाऊ विजापुरे. आख्खं आयुष्य पेटी. मन्सूर, गंगूबाई, कुमार, भीमसेन, बसवराज राजगुरू, सगळ्यांना त्यांनी साथ केली, आणि बेळगावात किती घरांतल्या पोरांना पेटी शिकवली त्याला गणती नाही, २०१० मध्ये गेले तोवर शिकवणं चालूच होतं. त्यांची पेटी ऐकताना एक गोष्ट बघा. गायक तान घेतो तेव्हा पेटी तानेच्या मागं धावत नाही. थोडी मागं थांबते, तानेचा शेवट कुठं पडणार ते आधीच ओळखून तिथं जाऊन उभी राहते, गायक पोचला की सूर तयार. आणि गायकानं दम घेतला की मधली फट अशी भरून काढायची की ऐकणाऱ्याला फट होती हेच कळू नये. हे काम चांगलं झालं की कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा). धारवाड आकाशवाणी १९५० ला सुरू झाली, बेळगावात स्पष्ट ऐकू येणारं आपलं स्टेशन, मन्सूर स्वतः तिथं संगीत सल्लागार होते. आणि त्याच आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी! मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, सूर बांधलेले, परदेशी वाद्य, असली कारणं. तीसएक वर्षं चालली ही बंदी, सत्तरच्या सुमारास कुठं सैल झाली. म्हणजे ज्या गावात घरटी एक पेटी, जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, नाटकाच्या ऑर्गनवर आणि भजनाच्या पेटीवर ज्यांचे कान तयार झाले, त्यांनी रेडिओ लावला की गायकाच्या मागं सारंगी. सारंगी वाईट नाही, सारंगी फार गोड, पण आमच्या आजोबांच्या पिढीला आपल्या गावची पेटी रेडिओवर ऐकायची तर कितीतरी वर्षं थांबावं लागलं.

तरी रेडिओचं एक चांगलं होतं. निवेदक नावं घ्यायचा. गायन कुणाचं, तबला साथ, हार्मोनियम साथ, तंबोऱ्यावर कोण, आधी एकदा आणि संपल्यावर परत एकदा. मग आम्ही काय केलं? टेपरेकॉर्डर आले, आम्ही रेडिओजवळ बसून रेकॉर्ड आणि पॉज दोन्ही बटणं दाबून ठेवली, आणि निवेदकाचं बोलणं संपेपर्यंत पॉज सोडलं नाही! टेप वाया जायला नको. गाणं संपलं की निवेदक तोंड उघडायच्या आत स्टॉप. ज्यानं ज्यानं घरी रेडिओवरनं गाणी भरलीत त्यानं हे केलंय. एवढ्या काटकसरीनं आम्ही ती नावं गाळली, आणि वाचवलेल्या टेपवर शेवटी काय भरलं, तर कुठल्यातरी पिक्चरचं अर्धं गाणं.

याला एक अपवाद आमच्या खोलीत आहे आणि तो केवळ लग्नामुळं वाचलाय. मामांच्या भाच्याची हळद होती, कॅसेट संपल्या होत्या, कुणीतरी डब्यातली एक सी-९० काढली, कॅसेटच्या डोक्यावरच्या दोन्ही पट्ट्या मोडलेल्या होत्या म्हणजे वरनं भरता येऊ नये म्हणून मालकानं मुद्दाम मोडलेल्या, तरी त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबून वर सेलोटेप लावली आणि भरली हळद. बायकांची गाणी, पोरांचा कालवा, कुणीतरी 'तेल कुठंय, तेल कुठंय' ओरडतंय, मध्येच बँडवाले. हे सगळं पाऊण तासाला थोडं कमी पडलं. आणि हळद जिथं संपते तिथं एकदम खट् आवाज येऊन मन्सूर सुरू होतात, द्रुत अगदी शेवटाला आलेलं, राजशेखर मागं, तबला चढलेला, पेटी घट्ट धरून बसलेली, समेवर येतात, टाळ्या नाहीत कारण स्टुडिओ, एक क्षण नुसता तंबोरा, आणि मग कन्नडमध्ये निवेदिका. ज्यानं मूळ भरली होती त्याचं बोट स्टॉपवर पोचायला उशीर झाला असणार. राग सांगते, गायकाचं नाव सांगते, तबल्याचं नाव सांगते, आणि 'हार्मोनियम' एवढं म्हणते आणि टेप संपते.

मामांना ती हळद म्हणून प्यारी, भाच्याची आई गेली आता, तिचा आवाज त्यात आहे. मला शेवटच्या मिनिटासाठी. सर म्हणतात पेटी विजापुऱ्यांचीच, त्याशिवाय कुणी अशी थांबत नाही. अक्का म्हणते वसंत कनकापूर असणार, धारवाड स्टेशन म्हटल्यावर धारवाडचाच पेटीवाला. भीमसेन-कुमार वादापेक्षा हा वाद मला जास्त आवडतो, कारण यात दोघांनाही नीट ऐकावं लागतं. मागच्या वेळी ते एक मिनिट आम्ही इतक्या वेळा फिरवलं की मामांनी येऊन डेकच बंद केला, टेप पातळ असते सी-९० ची, तुटली म्हणजे भाच्याच्या आईचा आवाज पण गेला.

मोबाईलवरच्या ॲपात आता सगळं मिळतं, मन्सूरांचे राग एका बोटावर, आवाज स्वच्छ, तक्रार नाही. फोटो मोठा, गायकाचं नाव मोठं, राग बरोबर असला तर नशीब. तबला-पेटी शोधायला खाली सरकवत जा, बहुतेक वेळा हातात काही लागत नाही. सरांच्या नातवाला मी विचारलं हे कुठं बघायचं, तो म्हणाला, "काका, ते कोण बघतंय?" त्याला मी एलपीचं कव्हर उलटं करून हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. त्यानं मोबाईलनं फोटो काढून झूम करून वाचलं, माझ्या चष्म्यापेक्षा भारी पद्धत.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर धारवाड, सांगली स्टेशनवरनं भरलेल्या जुन्या कॅसेटी पडून आहेत त्यांनी भंगारात घालू नका. बुरशी आली असली तरी चालेल. वाजवून बघू नका, मागंपुढं फिरवू नका, तशाच शहापूरला घेऊन या, मामांनी डेकचा बेल्ट नवीन घातलाय आणि हेड रोज स्पिरिटनं पुसतात. एलपी विकणार असाल तर कव्हरसकट द्या. आणि कुणाच्या कॅसेटला निवेदन चुकून राहिलं असेल तर रविवारची वाट न बघता या.