ट्रेलर सोडवायचा की जोडलेलाच ठेवायचा? माझा अनुभव

आमचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची, आत झोपायची सोय असलेली चाकांवरची खोली. पहिल्याच मुक्कामाला आम्हा नवरा-बायकोचं वाजलं. ती म्हणत होती ट्रेलर गाडीपासून सोडव, मी म्हणत होतो राहू दे. पहाटे निघायचं होतं आणि दिवसभर गाडी चालवून मी पार आंबलो होतो. चार-पाच तासांच्या झोपेसाठी एवढी उठाठेव कोण करणार!

आडवं झाल्यावर कळलं. जमिनीला पुढच्या बाजूला उतार होता आणि आमची डोकी नेमकी तिकडेच. ट्रेलर जोडलेला असला की त्याचं तोंड किती उंच राहणार हे गाडीच ठरवते. तरी मी बॅटरी घेऊन बाहेर गेलो आणि पुढचा जॅक फिरवायला लागलो. तोंड उचललं गेलं, पण त्याच्याबरोबर गाडीचा मागचा भागही. तेव्हा चपापलो. माझ्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे; तीच चाकं हलकी झाली तर उतारावर गाडी धरणार कोण? जॅक परत खाली घेतला आणि मुकाट्याने पायांच्या बाजूला उशी टाकून झोपलो.

सकाळी फ्रीजमधलं दूध कोमट. आमचा फ्रीज गॅसवर चालणारा आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो, आतला द्रव स्वतःच्या वजनानेच खाली वाहतो, त्यामुळे ट्रेलर फार कलला की थंडावा जातो, आणि बराच वेळ तसाच चालू ठेवला तर फ्रीज कायमचाच बिघडू शकतो. वर गाडी सुरू होईना. दिव्यांची आणि चार्जिंगची जोडवायर मी काढलीच नव्हती. आमच्या गाडीत ती इंजिन बंद असतानाही चालू राहते, म्हणजे ट्रेलरमधला पंखा रात्रभर गाडीची बॅटरी पीत होता. शेजारच्यांच्या गाडीवरून जंप-स्टार्ट करून घेतलं. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या मुक्कामी उजेड असतानाच सोडवायला घेतलं. आधी डाव्या-उजव्या बाजूची पातळी, कारण जॅकने फक्त पुढचं-मागचं साधतं. खालच्या अंगाच्या चाकाखाली फळ्या टाकून ट्रेलर वर चढवला, मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मी उत्साहात ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या साखळ्यांना हात घातला तशी ती ओरडली, "त्या शेवटी!" बरोबरच होतं. ठोकळे सरकलेच तर ट्रेलरला धरून ठेवायला तेवढ्याच उरतात. वायर काढली, जॅकखाली लाकूड ठेवलं, खिट्टी उघडली, तरी कपलर (ट्रेलरच्या तोंडाची पकड) बॉलवरून (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ती पकड बसते) सुटेना. ट्रेलर ठोकळ्यांवर रेलला की बॉल आत आवळला जातो. गाडी इंचभर मागे घेतली आणि खटकन सुटला. कोपऱ्यांचे टेकू नुसते टेकवायचे, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नाही. ते फक्त हालचाल थांबवायला असतात.

आता एकच रात्र, जमीन सपाट आणि गाडीची गरज नाही असं असेल तर मी सोडवत नाही. वायर मात्र काढतो, ठोकळे लावतो आणि थोडा भार जॅकवर घेतो. उतार असला किंवा रात्री औषधापाण्यासाठी गाडी काढावी लागेल असं वाटलं, तर कंटाळा आला तरी सोडवतो.

परत जोडताना खिट्टी लावली की तोच जॅक मुद्दाम थोडा वर फिरवतो. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला म्हणजे कपलर नीट बसला. हे झाल्याशिवाय बायको गाडीत बसत नाही.