तुम्ही विचारलंत म्हणून: छातीच्या हाडाखाली लागणारं ते टणक टोक

मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवते, त्यामुळे नातेवाईक, शेजारीपाजारी, सोसायटीतली मंडळी, सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, छातीच्या बरोब्बर मधे, जिथून पोट सुरू होतं ना, तिथे काहीतरी टणक लागतंय, गाठ तर नाही ना?" विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे, हल्लीच वजन उतरवलेले, आणि रात्री उशिरापर्यंत गुगल करून पार धास्तावलेले असतात. त्यांची झोप उडालेली असते, म्हणून "काही नाही हो" म्हणून फोन ठेवून द्यायला मला आवडत नाही.

तर ते टोक बहुतेक वेळा तुमच्याच हाडाचं असतं. छातीच्या मधल्या हाडाचा, म्हणजे स्टर्नमचा, सगळ्यात खालचा तुकडा, नाव झायफॉइड. तरुणपणी तो कूर्चेचा म्हणजे मऊ हाडाचा असतो, चाळिशीच्या सुमारास हळूहळू पक्कं हाड व्हायला लागतो, त्यात चरबी कमी झाली की इतकी वर्षं झाकलेलं ते बोटाला लागतं, आणि एकदा लागलं की माणूस येता जाता दाबून बघतो, मग ते दुखायला लागतं, आणि दुखतंय म्हणून अजून दाबतो. कुणाचं सरळ, कुणाचं पुढे वळलेलं, कुणाचं चक्क दोन फाट्यांचं. डिसेक्शन हॉलमधे, म्हणजे जिथे मृतदेह उघडून शिकवतात तिथे, सगळे प्रकार बघायला मिळतात.

आता वाचता वाचता बोट लावूनच बघा. गळ्याखाली, दोन कॉलरबोनच्या मधे खळगा आहे, तिथून हाडावरून बोट खाली सरकवत न्या, साधारण तीन बोटं खाली एक आडवा उंचवटा लागेल. हा स्टर्नल अँगल, आणि माझी शरीरातली सगळ्यात आवडती जागा. इथे दुसरी बरगडी येऊन जोडलेली असते, पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असल्यामुळे नीट हाताला लागत नाही, म्हणून डॉक्टर बरगड्या मोजायला इथूनच सुरुवात करतात. बरोब्बर याच पातळीवर आत श्वासनलिकेचे दोन फाटे होतात आणि महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीची, कमान इथेच सुरू होऊन इथेच संपते. तोंडी परीक्षेला हा प्रश्न मी सोडत नाही. या उंचवट्याच्या खालचा हाडाचा लांब भाग जन्माच्या वेळी सलग नसतो, चार तुकडे असतात, ते वयात आल्यापासून पंचविशीपर्यंत एकमेकांना जुळत जातात.

त्याच्याही आधी, गर्भात, हे हाड डाव्या आणि उजव्या अशा दोन पट्ट्यांचं असतं आणि त्या मधे येऊन मिळतात. कधी मधेच थोडी जागा जुळायची राहून जाते आणि हाडात गोल भोक राहतं. शंभरात साधारण पाच जणांना असतं, त्याचा काही त्रास नाही, कळतही नाही. पण त्याच्या मागे हृदय आहे. ॲक्युपंक्चरची सुई त्या भोकातून थेट आत गेल्याने माणसं दगावल्याची उदाहरणं जगात नोंदलेली आहेत. म्हणून छातीच्या मध्यावर कुणालाही सुया टोचू देऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

हे हाड आलं कुठून, तर माशांना ते नाहीच. जमिनीवर चार पायांनी चालणाऱ्यांकडे ते दिसायला लागतं, बेडकाला आहे, सापाला पाय गेल्यावर तेही गेलं. चिकन खाणारे ते अगदी जवळून बघतात, ब्रेस्ट पीस सोलला की मधे जो पातळ, उभा पडदा निघतो तो त्या कोंबडीचा स्टर्नम, आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेलं जे मांस आपण खातो ते पंख मारायचे स्नायू. तो उभा पडदा पाहिजेच, नाहीतर एवढे मोठे स्नायू धरणार कुठे? वटवाघळालाही असा उभा पडदा आहे. मधे आपल्याकडे एमू पाळायची लाट आली होती, त्या एमूचा स्टर्नम सपाट, कारण त्याला उडायचंच नाही. आपला रुंद आणि चपटा आहे, चिंपांझी-गोरिलासारखा, माकडांचा मात्र अरुंद असतो.

आता दुखण्याविषयी. बरगडी जिथे कूर्चेने स्टर्नमला जोडलेली असते तिथे सूज येऊन बोट लावलं की कळ येते, हे खूप कॉमन आहे आणि बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. पण दाबल्यावर दुखतं म्हणजे हार्टचं नाही, असं घरच्या घरी ठरवू नका हो. छातीवर दडपण, घाम, कळ जबड्यात किंवा हातात जातेय, तर लगेच हॉस्पिटल. आणि हाडावरची खरी गाठ वेगळी वागते, ती वाढत जाते, रात्री ठणकते, किंवा मऊ फुगा येतो आणि तिथून पू वाहतो, आपल्या देशात या हाडाला टीबीही होतो. ब्रेस्ट, फुफ्फुस, थायरॉइड, किडनीचा कॅन्सर इथे पसरू शकतो, त्यामुळे आधी कॅन्सर झालेल्या माणसाने नवीन दुखणं अंगावर काढू नये.

दुसरा प्रश्न बायपास झालेल्यांच्या घरून येतो, हाड कापलं ते जुळतं का? जुळतं. करवतीने उभं कापतात, ऑपरेशन झालं की स्टीलच्या तारांनी बांधतात, त्या तारा आयुष्यभर आतच राहतात, आणि हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. गंमत म्हणजे बायपाससाठी, म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा द्यायला, सगळ्यात चांगली धमनी याच हाडाच्या कडेपासून सेंटीमीटरभर बाहेरून, बरगड्यांच्या कूर्चेमागून जाते, आणि तीच या हाडाला रक्त पुरवते. म्हणून डायबेटिस असेल तर दोन्ही बाजूच्या धमन्या वापरताना सर्जन फार विचार करतात, कारण मग जखम भरायला अडचण येते. हाड सांधेपर्यंत खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, जड उचलायचं नाही, आणि कूस बदलताना हाड कटकट वाजलं किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.