पिल्लांचा गाऊट आणि आंबवलेली घेटुळी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या परसात गावठी कोंबड्या पूर्वीपासून आहेत, पण गाऊट पाहिला तो बाहेरून एक दिवसाची पिल्लं आणायला लागल्यावर. पिल्लं मलूल व्हायची, पांढरं शिटायची आणि पटापट मरायची. पशुवैद्यांनी मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं. हृदयावर, यकृतावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा थर होता आणि मूत्रपिंडं सुजलेली. पक्ष्यांच्या अंगात यूरिक आम्ल फोडणारं विकर नसतं. मूत्रपिंड थकलं की ते आम्ल आतच साचतं, तोच हा पांढरा थर, तोच गाऊट.

डॉक्टरांनी आधी पाण्याचं विचारलं, मग खाद्याचं. लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना १ टक्का पुरतं. जास्तीचं थेट मूत्रपिंडाला बाधतं. खाद्य आमचं बरोबर होतं. पिल्लं मात्र लांबून, खोक्यात बिनपाण्याची आली होती. काही विषाणूंनीही गाऊट होतो, त्यावर औषध नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आईला घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, आठवली. लघवी साफ होण्यासाठी घेटुळी आणि गोखरू आयुर्वेदात जुनेच. डॉक्टरांना विचारून आम्ही दोन्ही वाळवून कुटली, भाताच्या कोंड्यात मिसळली, थोडा गूळ आणि ताजं ताक घालून बरणीत दाबून भरली. गुळाचा आसव मुद्दाम टाळला, त्यात मद्य तयार होतं आणि ते पिल्लांना नको. ताकातले जिवाणू कोंडा आंबट करतात, आंबटपणात बाकीचे जंतू सहसा टिकत नाहीत. वास दह्यासारखा आला की झालं.

खरी कसोटी इथल्या पावसाची. जूननंतर कोंडा, खाद्य, वाळलेली पानं, सगळ्यालाच ओल धरते. काही बुरश्यांचं विष, विशेषतः ऑक्राटॉक्सिन, मूत्रपिंडच बिघडवतं. म्हणजे बुरसटलेलं औषध गाऊट थांबवणार नाही, उलट आणेल! वर जरा हिरवट-काळी बुरशी दिसली की आम्ही अख्खी बरणी पुरून टाकतो, वरचा थर काढून उरलेलं वापरत नाही.

आता पिल्लं आली की आधी गुळाचं कोमट पाणी, ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या जागेत, ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब, मग खाद्य. आंबवण काही दिवसांनी, खाद्यात चिमूटभर. त्यानंतरच्या खेपांत पांढरी शीट क्वचितच दिसली. याचं श्रेय एकट्या घेटुळीला मी देणार नाही, पाण्याचा वाटा मोठा आहे. पुढची पिल्लं दसऱ्यानंतर आणायचं ठरलंय, तोवर घेटुळी वाळवायला कडक ऊनही मिळेल.