किल्ली हातात देण्याआधी

भाच्याने दिवाळीत मोशीला वन बीएचके घेतला. गेल्या रविवारी पेढे घेऊन आला आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "मामा, एक तारखेपासून भाडेकरू येतोय. ब्रोकरने सगळं ठरवलंय, मला फक्त किल्ली द्यायची आहे."

"आणि अ‍ॅग्रीमेंट?"

"अकरा महिन्यांचंच आहे ना. नोटरी करून घेऊ. रजिस्टर करायची गरज नसते म्हणे."

२०१७ मध्ये मी अगदी हेच बोललो होतो. त्याला जे दोन तास बसवून सांगितलं ते इथे लिहून ठेवतोय. पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी वायरमन. १९९८ साली बार्शीहून पुण्याला आलो, बारा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, मग राहायला घर झालं. २०१६ मध्ये वडगाव बुद्रुकला ३८ लाखांचा दुसरा फ्लॅट कर्ज काढून घेतला, तो भाड्याने देण्यासाठी. पहिल्या भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार केला, तोही नोटरीवर. सहा महिने भाडं वेळेवर आलं. नंतर चार महिने नुसतं "पुढच्या आठवड्यात देतो". घर खाली करा म्हटल्यावर तो म्हणाला, डिपॉझिट एक लाख दिलंय, ते आधी परत करा. कागदावर ४० हजार होते. वरचे ६० रोख दिले, असं त्याचं म्हणणं.

वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं ते असं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण घर ठरावीक मुदतीने भाड्याने देताना करतो तो करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो नाहीतर तीन, त्याने फरक पडत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला खरा धक्का त्याच्या पुढच्या ओळीने बसला. नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम मालकाचं. शेवटी तीन महिन्यांचं भाडं सोडलं, वर २० हजार दिले, तेव्हा घर मोकळं झालं.

आणि ही नोंदणी करायला लागतं तरी किती? माझं आजचं भाडं १४,००० आणि डिपॉझिट ५०,००० आहे. अकरा महिन्यांचं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि त्या रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे चारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठा वापरून हे घरबसल्या ऑनलाइन होतं. एजंट मशीन घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. एवढे पैसे वाचवायला जाऊन मी किती घालवले ते वर लिहिलंच आहे. शिवाय मुदत संपल्यावरही समोरचा हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर जास्त राहिलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. त्यासाठी हातात नोंदणी केलेला कागद हवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, तेही ऑनलाइन होतं. ते त्याच दिवशी उरकावं.

आता माझ्या धंद्यातलं. याबद्दल मालकांशी कुणीच बोलत नाही.

२०१९ मध्ये दुसऱ्या भाडेकरूंचा फोन आला. मुलगी चौथीत होती त्यांची. म्हणाले, "दादा, बाथरूमच्या नळाला हात लावला की ती म्हणते झिणझिण्या येतात." मी कात्रजला कामावर होतो. आधी मेन स्विच बंद करायला लावला आणि तसाच निघालो. तिथे जाऊन गिझर चालू केला, नळाला टेस्टर लावला, तर टेस्टर लाल. गिझरची कॉइल तडकून करंट पाण्यात उतरला होता. अशा वेळी तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. गिझरचा बोर्ड उघडला तर हिरवी वायर प्लेटमागे दुमडून ठेवलेली. तिला सॉकेटला जोडलंच नव्हतं कुणी. बिल्डिंग बांधली तेव्हापासून ती तशीच. आणि करंट गळायला लागला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, ईएलसीबी, तोही नव्हता.

पोरगी दारात उभी राहून बघत होती. ओल्या पायाने, नळ घट्ट धरून ती जरा जास्त वेळ उभी राहिली असती तर काय झालं असतं, ते मला त्या क्षणी दिसलं. मी रोज दुसऱ्यांच्या घरातले बोर्ड उघडतो, आणि स्वतःच्या फ्लॅटमधला हा बोर्ड न उघडताच त्यांना किल्ली दिली होती. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून भाडेकरू बदलला की आधी सगळे बोर्ड उघडतो. फेज आणि अर्थ यांच्यात टेस्ट लॅम्प लावतो. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं आहे असं समजायचं. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवायचा. सामान आणि मजुरी मिळून अडीच-तीन हजारांत काम होतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायला भाडेकरूला शिकवायचं. ही कामं स्वतः करू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा. पण तो काम करत असताना शेजारी उभे राहा आणि हिरवी वायर जोडलेली डोळ्यांनी बघा.

मग भाडेकरूला बरोबर घेऊन घरभर फिरायचं. पंखे किती, ट्यूब किती, कुठल्या खिडकीची काच तडकलेली, सिंकखाली ओल आहे का, लाइटच्या मीटरचं रीडिंग काय. सगळं कागदावर, खाली दोघांच्या सह्या, आणि मोबाइलवर फोटो. अर्धा तास लागतो. लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक आपल्या मोबाइलवर ठेवा आणि दर महिन्याला बिल भरलं का ते बघा. भाडेकरू गेला तरी मीटर आणि थकबाकी आपल्याच घराला चिकटून राहते.

हिशोबाचं भाच्याला पटायला वेळ लागला. त्याला वाटत होतं भाड्यातून हप्ता निघेल. मी माझा हिशोब काढून दाखवला. वर्षाचं भाडं १,६८,०००. सोसायटीचं मेंटेनन्स महिन्याला १,८०० प्रमाणे २१,६००. प्रॉपर्टी टॅक्स ९,०००. घर महिनाभर रिकामं राहिलं तर १४,०००. रंग, प्लंबर, किरकोळ दुरुस्त्या १२,०००. हातात राहतात १,११,४००. ३८ लाखांवर तीन टक्केसुद्धा नाहीत, आणि हप्ता अजून यात धरलेलाच नाही. फ्लॅट घेऊ नये असं मी म्हणत नाही, मी घेतला आणि मला समाधान आहे. पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नसतील तर भाड्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

यात लोक दोन गोष्टी विसरतात. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत असते. भाड्याने दिलं की ती जाते. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे तसा. आमच्या सोसायटीने महिन्याला सरसकट ५०० लावले होते. आदेशाची प्रत घेऊन मीटिंगला गेलो, तेव्हा कमी झाले.

इन्कम टॅक्ससाठी भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. मेंटेनन्स, रंग, दुरुस्ती हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. कर्जाच्या व्याजाचं तेवढं सीएला विचारा.

भाडेकरू कसा निवडायचा? मी नोकरी कुठे ते विचारतो, किती माणसं राहणार ते विचारतो, आणि आधीच्या घरमालकाला फोन करतो. आडनाव विचारत नाही, काय खाता तेही विचारत नाही. १९९८ मध्ये मला तीन घरांनी आडनाव ऐकून नाही म्हटलं होतं. त्यातल्या एका दारात आईसुद्धा होती माझ्याबरोबर. तो प्रश्न माझ्या दारात कुणाला ऐकावा लागणार नाही.

अजून एक. भाडं थकलं की मालक लोक मला फोन करतात, "येऊन जरा मीटरमधून वायर काढून द्या, आपोआप जाईल." आजवर दोघांनी सांगितलं, दोघांनाही मी नाही म्हटलं. सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला याच कायद्यात बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत लेकरं असतात. नोटीस द्या, अर्ज करा, पण अंधार करू नका.

त्या मुलीचं कुटुंब चार वर्षं राहिलं. गेले तेव्हा सह्यांचा कागद काढून घरभर फिरलो. एक पंख्याचा रेग्युलेटर आणि बेडरूममधलं खिळ्याचं भोक, बाकी सगळं जागच्या जागी. मीटरचं रीडिंग घेतलं, शेवटच्या बिलाचे पैसे वजा केले आणि डिपॉझिट तिथेच उभं राहून ट्रान्सफर केलं. त्यांना नव्या घराचं डिपॉझिट त्याच दिवशी भरायचं होतं. "हिशोब करून महिनाभराने देतो" म्हटलं असतं तर त्यांनी कुठून आणलं असतं?

भाच्याने ब्रोकरला फोन करून एक तारीख पाच तारखेवर ढकलली आहे. नोंदणीचं काम बुधवारी आहे. शनिवारी सकाळी मी टेस्ट लॅम्प आणि ईएलसीबी घेऊन मोशीला जातोय. त्याला सांगितलंय, पाणी आणि लाइट चालू करून ठेव, गिझरपासून सुरुवात करू.