छाती उचलते आहे का?

जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचा सराव होता: जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं. निओनॅटली ही बाहुली आत सुमारे २ लिटर कोमट पाणी भरलं की खऱ्या बाळासारखी जड आणि लुळी लागते. तिचा श्वास, रडणं आणि नाळेतले ठोके बाहेरचे रबरी फुगे दाबून चालवायचे असतात. ते फुगे माझ्याकडे होते.

तिघींच्या गटाने सुरुवात चोख केली. बाळ पुसलं, ओला टॉवेल काढून टाकला, आधी तोंड मग नाक साफ केलं. (नाकात नळी गेली की बाळ दचकून श्वास ओढतं, तोंडात पाणी राहिलं असेल तर ते फुफ्फुसात जातं.) पहिल्या मिनिटातच अंबू बॅग (हाताने दाबून मास्कमधून हवा देणारी पिशवी) सुरू झाली, वेगही मिनिटाला ४० ते ६० मधला. छाती मात्र हलत नव्हती.

मुली घाबरल्या की शिकवणाऱ्याला ठोके वाढवून त्यांना सोडवावंसं वाटतं. ते अजिबात करू नये. छाती न उचलता ठोके सुधारले, तर चुकीच्या हातालाच आपण बरोबर म्हणतो. मी ठोके मंदच ठेवले. पहिल्या पाच दाबांत छाती उचलली नाही तर थांबून कारण शोधायचं, हे तिघींनाही पाठ होतं. पण एक बॅगकडे बघत होती, दुसरी घड्याळाकडे, तिसरी ऑक्सिजनची नळी जोडत होती. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेवरच करायची असते.

शेवटी घड्याळवाली म्हणाली, "अगं, छाती बघ!"

कारणं दोन निघाली. खांद्याखालची कापडाची घडी डोक्याखाली सरकून मान पुढे झुकली होती; त्याने श्वासमार्ग बंद होतो. मास्कही हनुवटीखाली उतरून गालापाशी हवा सुटत होती. अंगठा-तर्जनी मास्कवर गोल आणि उरलेली बोटं जबड्याच्या हाडावर, अशी पकड हवी. बोटं हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभ मागे ढकलली जाते. घडी खांद्याखाली आली, मास्क नीट बसला, छाती उचलली. मग मी ठोके वाढवले.

चर्चेनंतर एक बदल केला: मास्क धरणारीने प्रत्येक दाबाला "उचलली" किंवा "नाही" असं मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या फेरीत मुद्दाम अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा ० नंबरचा मास्क ठेवला. तीनदा "नाही" आल्यावर तिने हात थांबवला आणि १ नंबरचा मागितला.